दुसऱ्या अमावास्येपर्यंत

मुलाचं नाव बापूसाहेब. वय वर्षं चार, अंगात एक बंडी, नाक सदा वाहतं, आणि नाव बापूसाहेब. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. तात्या जगतापांनी देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या संस्थानाच्या, पागेत हयातभर घोडे सांभाळले होते, आणि नाव भारदस्त असलं की जनावरसुद्धा मान वर करून चालतं, मग माणसाचं पोर का नाही चालणार, असं त्यांचं म्हणणं. पुढे संस्थान विलीन झालं, घोडे लिलावात गेले आणि पागेत धान्याचं गोदाम आलं. तात्या घरी बसले, पण पागा काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. तिथल्या सगळ्या रीती त्यांनी घरात आणल्या आणि घोडे नाहीत तर नाहीत, म्हणून माणसांवर लागू केल्या.

त्यातली एक रीत डागाची. घोडा लंगडला, सुजला, खोकू लागला, की पागेतला सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य लोखंडाची सळई लाल करून त्याला डाग द्यायचा. जगतापांच्या घरात तीच सळई पोरांनाही लागत आली होती. नियम ठरलेला होता: खोकल्यात दोन अमावास्या गेल्या, की दुसऱ्या अमावास्येला छातीवर डाग. तात्यांच्या छातीवर ते होते. त्यांचा मुलगा उदाजी देवास-खातेगाव मोटार चालवायचा, त्याच्या छातीवरही दोन बाजूंना दोन होते. सुभद्रेनं लग्नानंतर त्याला विचारलं होतं, फार दुखलं का. त्यानं सांगितलं की दुखल्याचं आठवत नाही, वास तेवढा आठवतो. हे सांगून तो बाहेर निघून गेला होता.

सुभद्रा ही बापूसाहेबाची आई, माहेर धारचं. बापूसाहेबाच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, दुर्गा. दीड वर्षाची असताना ती आजोळी धारला आजारी पडली. ताप आला, पोट उडायला लागलं, आणि आठवडा व्हायच्या आत पोर गेली. सुभद्रा रिकाम्या हातांनी देवासला परत आली, तेव्हा तात्या ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, की इथं असती तर डाग दिला असता, वाचली असती. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती, कारण सुभद्रेच्या मनात ते वाक्य घर करून बसलं होतं. तात्या चुकीचं बोलतात असं ती दिवसा स्वतःला सांगायची. पण खात्री तिला कुठे होती?

बापूसाहेबाचा खोकला रथसप्तमीच्या सुमारास सुरू झाला. आधी साधं पडसं. आठवड्यानं पडसं गेलं, पण खोकला राहिला आणि त्याचं रूपच पालटलं. एकदा उबळ आली की एकामागून एक खोकले, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. तोंड लाल व्हायचं, मग जांभळं. शेवटी तो श्वास आत ओढायचा तेव्हा घशातून असा लांब आवाज निघायचा, की शेजारच्या घरात पोळ्या लाटणारी बाई लाटणं थांबवायची. मग उलटी. उलटी झाली की हा पठ्ठ्या तोंड पुसून पुन्हा भोवरा शोधायला जायचा. सुभद्रा मागून फडकं घेऊन जमीन पुसायला बसायची.

तिनं आळीतल्या बायकांचं सगळं केलं. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. महाशिवरात्र आली, तिच्यामागोमाग पहिली अमावास्या गेली, खोकला होता तिथंच. मग मात्र तात्यांना न विचारता ती मुलाला कडेवर घेऊन मोटारस्टँडजवळ उमाशंकर डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी मुलाला तपासलं. त्यांच्यासमोरच एक उबळ आली, तीही त्यांनी शांतपणे पाहिली. सुभद्रेला तो शांतपणा अजिबात आवडला नाही.

"ये कूकर खांसी है, बाई. तुम्ही डांग्या खोकला म्हणता तोच. ये जल्दी नहीं जाती. पाडवा होईल, कदाचित अख्खा चैत जाईल. अपने टाइम से आई है, अपने टाइम से जाएगी."

औषध दिलं, पण औषधानं तो एका रात्रीत थांबेल अशी आशा धरू नका, असंही सांगितलं. थोडं थोडं खायला घाला, उलटी झाली तर पुन्हा भरवा. धूर नको. कुणी डाग द्या म्हणेल तर ऐकू नका, भाजलेली छाती घेऊन पोर खोकणार कसं? खोकल्याला भिऊ नका. भ्यायचं ते बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे पडले ते पुन्हा लाल झाले नाहीत, पाणी घेईना झाला, किंवा सुस्त पडला आणि उठवून उठेना झाला, तर. मग मात्र धावत यायचं.

सुभद्रेनं सगळं ऐकलं, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. अख्खा चैत. लहान पोराचं दुखणं इतके दिवस चालतं आणि तरी ते बरं होतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिला ठाऊक असलेलं दुखणं आठवड्याच्या आत निकाल लावून मोकळं झालं होतं. महिनोन्महिने चालणारा खोकला म्हणजे क्षय, हे तर शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टर आपल्याला धीर देतात की आशा सोडून बोलतात, हे तिला कळेना. घरी येताना तिची पाचावर धारण बसली होती.

होळी झाली, रंगपंचमी झाली. आळीतली पोरं रंगात लोळली आणि बापूसाहेब खिडकीतून बघत खोकला. उबळी दिवसाला थोड्या कमी झाल्या होत्या, पण सुभद्रेला ते दिसत नव्हतं. तिला येणारी अमावास्या दिसत होती. पाडव्याच्या आदल्या दिवसाची. डॉक्टरांचा पाडवा आणि तात्यांची अमावास्या, दोन्ही एकमेकांना खेटून होते, आणि अमावास्या आधी होती.

तिनं नवऱ्याला गळ घातली. उदाजी वाईट माणूस नव्हता, पण बापासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. माझ्या अंगावर आहेत, मी काय मेलो का, असं तो म्हणाला आणि म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी तो मोटार घेऊन खातेगावला गेला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचा होता. त्यानं ती फेरी मुद्दाम मागून घेतली, असं माझं मत आहे.

मग ती तात्यांशी स्वतः बोलली. सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलण्याची त्या घरात पद्धत नव्हती, तरी बोलली. डॉक्टरांनी नको म्हटलंय, खोकला आपोआप जाईल म्हणालेत, असं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. हा म्हातारा दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. पण नातवाची उबळ सुरू झाली की तात्या हातातली वाटी खाली ठेवायचे आणि ती संपेपर्यंत उचलायचे नाहीत. त्यांनाही भीतीच वाटत होती, आणि त्या भीतीवर त्यांना एकच इलाज माहीत होता. शेवटी त्यांनी पागेतली दुसरी रीत काढली. आजारी घोड्याला सकाळी पाणी पाजायचं आणि बरगडीला कान लावून उभं राहायचं. पाण्यावर खोकला नाही, तर घोडा बरा झाला समजून रांगेत परत. उद्या सकाळी पोराला दूध पाजू, म्हणाले. दुधावर खोकला नाही तर लोखंड परत जाईल. खोकला तर मात्र मी ऐकणार नाही.

आणि बापूसाहेब दुधावर हमखास खोकायचा.

तात्यांची अफूची डबी भिंतीतल्या देवळीत असायची. दुपारच्या जेवणानंतर एक गोळी, हा त्यांचा नेम होता. त्या पिढीतल्या माळव्यातल्या किती म्हाताऱ्यांचा तो असायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. सुभद्रेलाही वाटत नव्हतं. धारला शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूचं बोट चाटवून झोळीत टाकतात, पोरं गपगार झोपतात, खोकत नाहीत की रडत नाहीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्यातली किती पोरं पुन्हा उठलीच नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांची गोळी म्हणजे त्या बायांचं बोट नव्हे, हेही नाही.

अमावास्येला सकाळी, तात्या आंघोळीला गेले असताना, तिनं अर्धी गोळी गुळाच्या पाण्यात विरघळवली आणि मुलाला पाजली. कडू लागलं म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं. तिनं वर आणखी गूळ दिला.

उन्हं अंगणात आली तेव्हा फत्तेसिंग आला. हा पागेतला जुना सालोत्री. त्यानं शेगडी पेटवली आणि सळई निखाऱ्यात ठेवली. सुभद्रा मुलाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. तिला सळईकडे बघायचं नव्हतं आणि तिचे डोळे तिथून हलत नव्हते. तात्यांनी स्वतः वाटी धरून नातवाला दूध पाजलं. बापूसाहेब अर्धवट डोळे मिटून प्याला. तात्या खाली बसले, त्यांनी नातवाच्या बरगडीला कान लावला आणि तसेच थांबले. फत्तेसिंगही वाट बघत राहिला. आळीत कुणीतरी हौदावर बादली आपटली, तेवढाच आवाज झाला.

मूल खोकलं नाही.

तात्यांनी डोकं वर केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. श्वास कसा शांत चाललाय बघ, असं ते फत्तेसिंगला म्हणाले. फत्तेसिंगनं विचारलं, "तो लोहो ठंडो करी दूं, तात्या भिया?" तात्यांनी मान हलवली. सळई पाण्यात चरचरली, फत्तेसिंगला चहा मिळाला, आणि तात्या नारळ घेऊन टेकडीवर देवीला निघाले. जाताना त्यांनी सुनेकडे बघून, जमलं बरं का, अशी मान डोलावली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

सुभद्रेला वाटलं, आपण जिंकलो. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच घरात खोकल्याचा आवाज नव्हता. तिनं मुलाला गोधडीवर निजवलं, तांदूळ निवडायला घेतले, आणि त्या शांततेत तिचा स्वतःचाच डोळा लागला.

जागी झाली तेव्हा ऊन उंबऱ्यावरून आत आलं होतं. मूल त्याच कुशीवर होतं. माशी त्याच्या ओठावर बसली होती आणि त्याला कळत नव्हतं. तिनं माशी हाकलली, हाक मारली. मग खांदा हलवला. त्यानं घशातल्या घशात ऊं केलं आणि पुन्हा काही नाही. तिनं त्याची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी बारीक झाली होती. ओठांवरचा रंग गेला होता. तिनं छातीवर हात ठेवला. छाती वर आली, खाली गेली, आणि थांबली. ती वाट बघत राहिली. पुढचा श्वास आला, पण इतक्या उशिरानं, की तोवर तिचे स्वतःचे तीन श्वास झाले होते.

सुस्त पडला आणि उठवून उठेना झाला, तर. डॉक्टरांचे शब्द तिला आता सगळेच्या सगळे आठवले.

तिनं मुलाला उचललं आणि अनवाणी मोटारस्टँडकडे धावली. त्याची मान तिच्या खांद्यावर ढिली पडली होती आणि पावलागणिक हलत होती. खोक, खोक रे, असं ती त्याच्या कानाशी म्हणत होती. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर खेड्यावर गेलेत, दुपारपर्यंत येतील, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं आणि तिचं तोंड बघून तो आपणहून सायकल काढून त्यांना आणायला गेला. सुभद्रा रस्त्यात उभी राहिली. आता या गावात अफूबद्दल ज्याला कळतं असा तिच्या माहितीतला एकच माणूस होता, आणि त्याच्याजवळच तर तिला जायचं नव्हतं. दुर्गा माझ्याकडे असताना गेली, आता हाही जाणार, आणि हा तर माझ्याच हातानं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी ती वळली. टेकडीच्या पायथ्याशी तात्या प्रसाद घेऊन उतरताना तिला दिसले.

"मामंजी, मी याला तुमच्या डबीतली गोळी दिली."

तात्यांना आधी काही उमगलंच नाही. मग त्यांनी मुलाची पापणी वर केली आणि त्यांच्या हातातला प्रसाद खाली पडला.

"किती?"

"अर्धी."

"कशाला गं, पोरी?"

"तो खोकू नये म्हणून. तुम्ही सळई लाल केली होतीत. मला तुमची भीती वाटली."

तात्यांनी तिच्या थोबाडीत मारली असती तरी तिला चाललं असतं. त्यांनी मारली नाही. त्यांनी मूल तिच्या हातातून घेतलं, त्याला उभं धरलं आणि त्याच्या गालावर चापट्या मारायला सुरुवात केली. झोपू द्यायचं नाही, म्हणाले. घोडा अफूनं बसला की संपला. त्याला चालवत ठेवायचं. आळीत शिरताच फत्तेसिंगला हाक गेली. दोघा म्हाताऱ्यांनी मुलाला दोन काखांत धरून आळीत चालवायला सुरुवात केली. चालवायला कसलं, त्याचे पाय धुळीत फरफटत होते. आळीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. सुभद्रा तोंडावर गार पाणी मारत, तळव्यांना चिमटे काढत बरोबर चालली. श्वास लांबला की फत्तेसिंग थांबून मुलाच्या पाठीवर थाप मारायचा, आणि सगळेजण छातीकडे बघत उभे राहायचे. आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या.

चालता चालता तात्या पुटपुटत होते. देवीचं नाव घेत असतील असं सुभद्रेला वाटलं. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं. "खोक रे राजा. एकदा खोक. कितीही खोक, मी काही करणार नाही."

डॉक्टर टांग्यातून आले, त्यांनी मुलाला सुई टोचली आणि दारातच, उभ्या उभ्या, सासऱ्याला आणि सुनेला, दोघांनाही फैलावर घेतलं. एकानं डाग द्यायला निघायचं, दुसरीनं अफू पाजायची, आणि खोकला बिचारा आपल्या वाटेनं निघालाच होता. त्याला तुम्ही दोघांनी चार आठवडे दिले असतेत तर काय बिघडलं असतं? डॉक्टर बोलायचे थांबले आणि मुलाशेजारी जमिनीवर बसले. कोरी कॉफी चमच्यानं पाजायला लावली, आणि जागं ठेवा, जागं ठेवा, हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. वाचेल का, असं तात्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि संध्याकाळी सांगतो म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आधीच बापूसाहेबानं भुवया आक्रसल्या. मग तोंड उघडलं, आणि उबळ आली. तीच ती. एकामागून एक, मध्ये उसंत नाही, तोंड लाल, मग जांभळं, आणि शेवटी तो लांब, भयंकर आवाज. सगळी कॉफी सुभद्रेच्या लुगड्यावर आली. मूल भोकाड पसरून रडायला लागलं. सुभद्राही रडली. तात्या भिंतीला टेकून मटकन खाली बसले आणि बराच वेळ त्यांनी तोंडावरचा हात काढला नाही. उदाजी मोटार लावून घरी आला तेव्हा त्याला पोराचा खोकला आळीच्या टोकापासून ऐकू आला. त्यानं आत येऊन आधी मुलाची बंडी वर करून छाती पाहिली, ती कोरी दिसल्यावर मग विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभी राहिली आणि तिच्याखाली बापूसाहेब खोकला. डागाचं नाव कुणी काढलं नाही, तात्यांनी तर नाहीच. दोनचार दिवसांनी सुभद्रा जेवायला वाढत असताना ते ताटाकडे बघत म्हणाले, की दुर्गेच्या वेळी मी बोललो ते बोलायला नको होतं, मला काही ठाऊक नव्हतं. सुभद्रेनं आमटी वाढली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. चैत्रात उबळी विरळ झाल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मधूनच एखादी ऐकू आली, त्यांनी माना हलवल्या आणि पन्हं प्यायल्या. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला एक दिवस असा गेला की खोकला आलाच नाही, आणि त्याच्या पुढचाही तसाच गेला. कुणी घालवला नाही, आपल्या पायांनी गेला. तात्यांनी आळीत पेढे वाटले.

सुभद्रेनंही पेढा खाल्ला. पण खोकला होता तेव्हा ती उबळ संपली की निर्धास्त व्हायची. आता निर्धास्त व्हायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. मूल गप्प झालं की ती हातातलं काम टाकून उठायची. दुपारी ते निजलं की तिचं तांदूळ निवडण्यात लक्ष लागायचं नाही. ती जाऊन त्याच्या नाकाखाली बोट धरायची, तेवढ्यानं भागलं नाही तर खांद्याला धरून हलवायची. घरातली माणसं बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

वैशाखातल्या अशाच एका दुपारी तिनं त्याला चौथ्यांदा की पाचव्यांदा हलवलं. बापूसाहेब वैतागला. त्यानं डोळे उघडले नाहीत. "थांब, खोकतो," म्हणाला, आणि दोनदा खोटं खोटं खोकून, आईचा हात आपल्या छातीवर नीट ओढून घेऊन, पुन्हा झोपला.